उमरावाचा डावीकडचा दात

आमच्या स्टुडिओत माणसाला नावाने हाक मारायची पद्धत नाही. जो जे काढतो ते त्याचं नाव. ढग काढणारे ते ढगवाले, केस काढणारी ती केसवाली, आणि पात्रांना चालायला लावणारे गृहस्थ स्वतः दोन जिने चढायला दहा मिनिटं घेतात, तरी ते चालवाले. मी पात्रांच्या पाठीमागच्या भिंती, गल्ल्या आणि आकाशं रंगवतो, म्हणून मी नुसताच मागचा. या न्यायाने तोंडवाले काकांना तोंडवाले म्हणण्यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या घरी फोन करून "तोंडवाले आहेत का?" असं विचारलं की त्यांची लेक मात्र सुरुवातीला फोन आपटायची.

कार्टून सिनेमात आवाज आधी येतो आणि तोंड मागाहून, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. नट मंडळी येतात, माइकपुढे बोलतात, चहा पिऊन जातात. मग कुठलं अक्षर कितव्या चित्रावर पडतं याचा तक्ता तयार होतो, आणि शेवटी काकांच्या टेबलावर चित्रांचे गठ्ठे येऊन पडतात. डोळे, नाक, टोपी, सगळं जागच्या जागी, आणि तोंडाच्या जागी कोरा कागद. राजा असो की बेडूक, काकांच्या टेबलापर्यंत सगळे गप्प. काका कानाला हेडफोन लावतात, समोरच्या दाढीच्या गोल आरशात बघतात आणि ऐकलेलं स्वतः बोलून दाखवतात. 'म'ला ओठ मिटतात, 'आ'ला जबडा खाली येतो, 'व'ला वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकतात. आरशात दिसेल ते कागदावर उतरतं. सेकंदाला बारा चित्रं. एकतीस वर्षं हा माणूस आरशाशी बोलतो आहे, आणि आरशाने अजून एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही, यावर ते स्वतः फार खूश असतात. घरी तशी सोय नाही, असं त्यांचं म्हणणं.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, काका आपल्याला वेडावून दाखवताहेत. घरच्यांना तर जेवणाच्या टेबलावर कळायचं की सध्या काम कुणाचं चाललंय. खारीच्या सिनेमाच्या वर्षी त्यांचे पुढचे दोन दात कायम खालच्या ओठावर असत, आणि नेमकं त्याच वर्षी लेकीला बघायला पाहुणे आले. पाहुण्यांनी मुलगी पसंत केली, पण वडिलांच्या तब्येतीची चौकशी दोनदा केली.

खारीचं नाव निघालं म्हणून सांगतो. काकांनी आयुष्यभर खारी, किटल्या, साबणाच्या वड्या आणि एक रागीट भोपळा, एवढ्यांनाच बोलतं केलं. माणसांचं बोलणं आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या टेबलांवर जायचं. काकांनी तक्रार कधी केली नाही, पण एकदा मला म्हणाले होते, की निवृत्तीच्या आधी एका तरी माणसाचं मोठं भाषण हातून व्हावं. नुसतं "या, बसा" नाही. भाषण.

ते आलं, पण बोलणारा काही माणूस नव्हता.

मॅडम, म्हणजे आमच्या दिग्दर्शिका, वयाने काकांच्या लेकीएवढ्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून नव्या सिनेमाची गोष्ट सांगितली. नऊशे वर्षांचा एक रक्तपिशाच्च उमराव. उन्हाचा एक कवडसा पडला की त्याची राख होणार. पृथ्वीवर रोज सकाळ होते या एकाच गोष्टीला तो नऊशे वर्षं वैतागलेला असतो. मग त्याच्या कानावर येतं की एक जहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे निघालंय, प्रवास तीनशे वर्षांचा, वाटेत नुसता अंधार. प्रवाशांना पेट्यांमध्ये गोठवून झोपवलेलं. उमराव आपली शवपेटी त्या पेट्यांच्या रांगेत सरकवतो आणि निघतो. सकाळ नसलेली तीनशे वर्षं, आणि जेवणाची सोय रांगेने मांडलेली. सगळं छान चाललेलं असताना जहाज नव्या सूर्याजवळ पोचतं, झोपलेल्यांना जागं करणारं यंत्र एका डॉक्टरीणबाईंना उठवतं, आणि त्या खिडकीची झडप उघडायला जातात. तिथे उमराव सव्वादोन मिनिटं बोलतो. सिनेमा त्या सव्वादोन मिनिटांवर उभा होता.

मला टोकदार कमानींचं, रंगीत काचांच्या उंच खिडक्यांचं आणि मेणबत्त्यांच्या झुंबरांचं जहाज रंगवायला सांगितलं होतं. अंतराळात मेणबत्त्या कशाला, असं मी विचारलं. प्रवाशांना घरच्यासारखं वाटावं म्हणून, असं उत्तर मिळालं. हे कुणाचं घर, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि उमरावाचं भाषण मॅडमनी काकांना दिलं. दुसऱ्या मजल्यावरची मोठी टेबलं तोवर संगणकावर गेली होती, आणि मॅडमना हाताने काढलेला ओठ हवा होता. सोळाशे वीस चित्रं, सगळी जवळून. काका त्या दिवशी घरी जाताना दोन्ही जिने गुणगुणत उतरले. दुसऱ्या दिवशी मात्र विचारात पडलेले दिसले. म्हणाले, हा उमराव आरशात दिसत नाही. कथेतच तसं आहे. मग मी त्याचं तोंड आरशात बघून काढायचं कसं?

मी म्हटलं, आरशात तुम्ही दिसणार आहात, तो नाही. तेव्हा ते हसले. पण घोटाळा झाला तो तिथेच झाला.

झालं असं की भाषण हातात आलं त्याच महिन्यात दंतवैद्याने काकांचे उरलेसुरले नऊ दात काढून टाकले. ज्या एका पात्राची सगळी कीर्ती दातांवर, ते काढायला बसलेल्या माणसाच्या तोंडात एक दात नाही. काकांनी नात्यातलं लग्न सांगून रजा घेतली आणि परतले ते झगझगीत नवी कवळी घेऊन. दात नसलेला तोंडवाला म्हटल्यावर काम काढून घेतील अशी त्यांना धास्ती, त्यामुळे गोष्ट गुपित होती. मला कळलं, कारण मी खोडरबर घ्यायला त्यांचा खण उघडला आणि डबीतून सगळे दात माझ्याकडे बघून हसले. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे कुणाच्या तोंडाकडे बघायचं काम फक्त काकांचं.

कवळी सैल होती. बोलताना निसटू नये म्हणून काका ओठ आत वळवून, जपून जपून बोलायला शिकले होते. 'स' आला की क्षणभर थांबायचे, मग तो हळूच सोडायचे. मधूनच खालचा जबडा सावरून घ्यायचे. हे सगळं ते आरशात बघत होते आणि इमानेइतबारे कागदावर उतरवत होते. एकतीस वर्षांत आरशाने त्यांना फसवलं नव्हतं, मग शंका कशी येणार?

बुधवारी पहिल्या वीस सेकंदांची कच्ची चाचणी पडद्यावर लागली. काळा झगा, मागे माझी रंगीत काच, काचेपलीकडे तारे. उमराव वळला. नटाचा खर्जातला, थंड आवाज आला, आणि नऊशे वर्षांचा तो रक्तपिशाच्च असा बोलायला लागला, की जणू लग्नाच्या पंगतीत नव्या कवळीने बसलेले कुणाचे तरी आजोबा. ओठांच्या आत दात जपून ठेवलेले. सुळा एकदाही दिसला नाही. "सूर्य" म्हणताना त्याने जबडा सावरून घेतला तेव्हा सगळी खोली हसली. ढगवाले गेल्या दहा वर्षांत दोनदा हसलेत, त्यातलं हे एक.

मॅडम हसल्या नाहीत. "काका," त्या म्हणाल्या, "हा रक्त पिणार आहे की सूप?"

मग त्यांनी अगदी मायेने सांगितलं की सोमवारी ही वीस सेकंदं पुन्हा बघू, आणि नाहीच जमलं तर भाषण केसवालीकडे देऊ, तिने जाहिरातींमध्ये तोंडं काढली आहेत. मायेने सांगितलं हे जास्त वाईट झालं. रागावल्या असत्या तर काकांना भांडता तरी आलं असतं.

केसवाली स्वतः येऊन काकांपुढे बसली. म्हणाली, मला नकोय तुमचं भाषण, माझं तोंड घ्या हवं तर. पण ती प्रत्येक 'स'ला फिसकन हसायची. माझं तोंड मिशीखाली गेलेलं. चालवाल्यांना दोन वाक्यं सलग बोलली की धाप लागते. खालचा पहारेकरी तयार झाला, पण त्याने उमरावाचं भाषण असं म्हटलं, की जणू गाडी इथे लावू नका असं सांगतोय. गुरुवारी संध्याकाळी काका पिशवीत आरसा घालून घरी निघाले. आरसा कधी घरी नेत नसत. मला ते बरं वाटलं नाही.

आता काकूंची ओळख करून देतो. काकू गेली अठ्ठावीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर बसतात. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. पुस्तक चार महिने ठेवून घेणारा माणूस आला की काकू वर बघतात, सावकाश चष्मा काढतात आणि म्हणतात, "वेळ मिळाला नसेल तुम्हाला. होतं असं." बस, एवढंच. वरचा ओठ डाव्या बाजूने केसभर उचलला जातो आणि तिथला एक दात, किंचित आडवा आलेला, दिसतो न दिसतो. मी स्वतः एकदा तीन महिने उशिरा पुस्तक परत केलं आहे. नंतर वर्षभर मी लांबच्या रस्त्याने ऑफिसला जात होतो.

त्या गुरुवारी काका घरी पोचले, हिरड्या दुखत होत्या म्हणून कवळी काढली, आणि मन थाऱ्यावर नसल्याने डबीऐवजी हाताला लागलेल्या कपात पाणी घालून ठेवली. तो कप काकूंचा. निळ्या फुलांचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा. काकू वाचनालयातून आल्या, चहा केला आणि किटलीतून कपात ओतला. वाफेमागे त्यांना काहीतरी दिसलं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कप धुतला मी," त्या म्हणाल्या. "दोनदा. तुमचं चालू द्या."

काकांनी वर बघितलं. चौतीस वर्षं ते हा ओठ बघत आले होते, आणि दर वेळी बघायच्या आधी मान खाली घालत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मान वरच राहिली.

"परत म्हण," ते म्हणाले. बोळक्या तोंडाने म्हणाले, त्यामुळे ते काय म्हणाले हे काकूंना दुसऱ्यांदा कळलं.

"काय?"

"तेच. कप धुतला. घाई नको, आत्ता म्हणालीस तस्सं."

काकूंना वाटलं, दातांबरोबर आणखीही काही गेलंय. पण काका तोवर कागद शोधायला लागले होते, आणि वीज आणि पाण्याची बिलं ज्या वहीत ठेवतात तिच्या मागच्या पानावर एक ओठ उमटला होता.

शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस काका चित्रांचा गठ्ठा आणि हेडफोन घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर काम करत होते. काकू हेडफोन लावून, चष्मा काढून समोर बसायच्या आणि उमरावाचं भाषण म्हणायच्या. आरसा पिशवीतच राहिला. कोण बोलतंय हे, असं काकूंनी विचारलंच. काकांनी सांगितलं, एक वयस्कर गृहस्थ आहेत, लांबच्या प्रवासाला निघालेत, त्यांना खिडकी उघडलेली सोसत नाही. यातलं अक्षर खोटं नव्हतं. रक्तपिशाच्च हा शब्द तेवढा त्यांनी गिळला. मला म्हणाले, 'तुझ्याकडे बघून मला रक्त पिणारा माणूस सुचला' हे बायकोला सांगायला नऊशे वर्षांचं आयुष्य लागतं. माझं तेवढं नाही.

काकूंना ते गृहस्थ आवडले. कसा समजूतदारपणे बोलतो, असं त्या दोनदा म्हणाल्या. एका जागी "मला थांबायची सवय आहे" असं वाक्य होतं. तिथे त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाल्या की हे अगदी खरं लिहिलंय.

सोमवारी खोलीतले दिवे मालवले. सगळे बसले, ढगवाले आधीच हसायच्या बेताने पुढे सरकून. पडद्यावर उमराव वळला. ओठ मिटलेले. मग सावकाश, जराही घाई न करता, तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला उजेड हवाय. समजतं मला." वरचा ओठ डावीकडे केसभर उचलला गेला. एक सुळा, किंचित आडवा, दिसला न दिसला. "होतं असं."

ढगवाले सावकाश मागे सरकून बसले. मला एकदम आठवलं की वाचनालयाचं एक पुस्तक माझ्या घरी पडलंय.

वीस सेकंदं संपली. मॅडमनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाल्या, आधी दिवे लावा. मग त्या काकांकडे वळल्या.

"याला असं बोलायला कुणी शिकवलं?"

काका खिशातली पेन्सिल काढून तिचं टोक बघायला लागले. अशा प्रश्नांना उत्तर न देण्याचा त्यांचा संसारातला अनुभव दांडगा आहे. मॅडमनीही ताणलं नाही. भाषण तुमचंच, काढा पुढचं, एवढं म्हणून त्या उठल्या आणि दारापाशी थांबल्या.

"आणि काका, कवळी सैल आहे ती घट्ट करून घ्या. माझ्या बाबांचं अगदी असंच झालं होतं. बुधवारी पडद्यावर बघितलं आणि मला तेच आठवले. तरी म्हटलं, तुम्ही सांगाल."

म्हणजे जे आम्हा कुणाला काकांच्या तोंडाकडे बघून कळलं नव्हतं, ते मॅडमना त्यांच्या चित्रात कळलं होतं. काकांनी त्या दिवशी खणातली डबी काढून उघड उघड टेबलावर ठेवली, पेन्सिलींच्या शेजारी. केसवालीने तिच्यावर छोटी मिशी काढलेला कागद चिकटवला.

पुढची चित्रं चार महिन्यांत झाली. सोळाशे विसाव्या चित्रात उमरावाचे ओठ मिटतात. ते काढून झाल्यावर काका बराच वेळ पेन्सिल न ठेवता बसले होते. मी विचारलं, झालं का? म्हणाले, झालं. आता घरी कळायचं राहिलंय.

कारण सिनेमाचा पहिला खेळ घरच्यांसह होता. काकांना घाम फुटला तो महिनाभर आधी. काकूंना येऊ नको सांगावं तर का ते सांगावं लागणार. मेहुणीने तर साडीसुद्धा काढून ठेवली होती. शेवटी खेळाच्या दुपारी सगळे आले. काकू, लेक, जावई, मेहुणी आणि कडेला काका, पळून जायला सोपं पडावं म्हणून. मी मागच्या रांगेत. नावाप्रमाणेच.

पहिला तासभर उमराव गप्पच असतो. काका हळूहळू सैल झाले. मग जहाज नव्या सूर्याजवळ आलं, डॉक्टरीणबाई झडपेकडे गेल्या आणि उमराव वळला.

पहिल्यांदा लेकीचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यात थांबला. तिने सावकाश आईकडे बघितलं. मग मेहुणीने. मग जावयाने पडद्याकडे, सासूकडे आणि परत पडद्याकडे बघितलं, आणि पाठ सरळ करून बसला. सव्वादोन मिनिटं त्या रांगेत पडद्याकडे बघणाऱ्या फक्त काकू होत्या. काका गुडघ्यांकडे बघत होते. अंधारात त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली होती. संकट आलं की ते तसं करतात.

शेवटी डॉक्टरीणबाई झडप उघडतात. माझ्या रंगीत काचांतून नव्या सूर्याचा उजेड आत येतो, लाल, निळा, पिवळा, आणि त्या सगळ्या रंगांमध्ये उमरावाची राख उडते. आजवर रंगवलेल्यातलं ते माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे, पण त्या दिवशी मीसुद्धा ते बघितलं नाही. मी काकूंचा चष्मा बघत होतो. त्यांनी तो काढला होता आणि पदराने पुसत होत्या.

सगळे बाहेर पायऱ्यांवर आले. जावई उगाच गाडीच्या किल्ल्या शोधत होता. मेहुणी तोंडावर रुमाल धरून खांबाकडे तोंड करून उभी, आणि तिचे खांदे हलत होते. काका एक पायरी खाली, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे.

"बिचारा," काकू म्हणाल्या. "इतकं नीट सांगत होता. जरा थांबली असती ती बाई तर काय बिघडलं असतं?"

काकांनी मान हलवली. मान हलवायला दात लागत नाहीत.

काकूंनी चष्मा डोळ्यांना लावला, पदर नीट केला, आणि एक पायरी उतरून काकांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. मग इकडे तिकडे न बघता, अगदी हळू, म्हणाल्या, "पण तो डावीकडचा दात जरा जास्तच काढलात. एवढा काही आडवा नाही माझा."

ओठ केसभर उचलला गेला होता. काकांनी तो बघितला, चार पायऱ्यांवरून मीही बघितला, आणि शपथेवर सांगतो, या खेपेला त्याची भीती वाटली नाही. काका हसले. कवळी खिशात आहे हे विसरून, भर उन्हात, तोंड उघडून हसले, आणि खिशातून पेन्सिल काढायला गेले तर हातात दात आले.